टाके घातले, तरी हर्निया परत का येतो?

‘छातीत जळजळ होते म्हणून ऑपरेशन केले. त्याच वेळी हर्नियाही दुरुस्त केला, असे सर्जन म्हणाले. आता दोन वर्षांनी एंडोस्कोपी केली, तर रिपोर्टमध्ये पुन्हा हायटस हर्निया! मग ऑपरेशन केले कशाला?’ पोटविकारतज्ज्ञांना हा प्रश्न नवा नाही. प्रश्न रास्त आहे. पण ‘ऑपरेशन फसले’ किंवा ‘त्याचे काही नसते हो’ अशा एका वाक्यात त्याचे उत्तर देता येत नाही. काही रुग्णांत हा परतलेला हर्निया फक्त रिपोर्टच्या कागदावर असतो. काहींना त्याच्यामुळे जुना त्रास पुन्हा सुरू होतो. आणि अगदी थोड्या रुग्णांत, तेही बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, तो जिवावर बेतू शकतो. या तीन गोष्टींतला फरक रुग्णाला ऑपरेशन टेबलावर जाण्याआधी कळायला हवा. अनेकदा तो कळतो ते नंतर, रिपोर्ट हातात पडल्यावर.

गंमत अशी की, हर्निया परत येऊ नये म्हणून नेमके काय करावे, यावर सर्जन मंडळींचेही एकमत नाही. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांची ‘सेजेस’ ही अमेरिकेतली मोठी संघटना आहे. तिने २०२४ मध्ये हायटस हर्नियाच्या शस्त्रक्रियेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दुरुस्ती पक्की व्हावी म्हणून त्या जागी सरसकट जाळी बसवावी का, या प्रश्नावर समितीने शिफारस करायचेच टाळले. उपलब्ध पुरावा ना इकडचा ना तिकडचा, असे तिचे म्हणणे. तीस वर्षांहून अधिक काळ दुर्बिणीतून होत असलेल्या शस्त्रक्रियेबद्दल तज्ज्ञांची समिती हात राखून बोलते, तेव्हा अडचण सर्जनच्या कौशल्यापुरती नाही, हे उघड आहे. ती जागाच अवघड आहे.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा घुमट असतो. अन्ननलिका छातीतून पोटात उतरते ती या घुमटातल्या एका फटीतून. या फटीला हायटस म्हणतात. फटीच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचे पट्टे असतात आणि ते चिमट्यासारखे अन्ननलिकेला धरून ठेवतात. त्याच ठिकाणी, अन्ननलिकेच्या तळाशी, झडपेचे काम करणारा वर्तुळाकार स्नायू असतो. चिमटा आणि झडप एकमेकांवर नीट बसलेले असले की जठरातले आम्ल सहसा वर येत नाही. फट सैल होऊन जठराचा वरचा भाग छातीत सरकला, की झडप वर जाते आणि चिमटा खाली राहतो. हा झाला हायटस हर्निया. तो असलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. पण ज्यांना रात्री-अपरात्री आंबट पाणी घशाशी येते, वाकले तरी छातीत आग होते, त्यांच्यापैकी अनेकांत तो सापडतो.

शस्त्रक्रियेत तीन कामे होतात. वर सरकलेले जठर खाली पोटात आणायचे, सैल फट टाके घालून लहान करायची, आणि जठराचा वरचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळायचा. ही गुंडाळी म्हणजे फंडोप्लिकेशन. जेवल्यावर जठरातला दाब वाढतो, तसा तो गुंडाळीतही वाढतो आणि अन्ननलिकेचे टोक आपोआप दाबले जाते. कल्पना सुरेख आहे. अडचण दुसऱ्या कामात आहे, टाके घालून लहान केलेल्या फटीत.

जांघेतल्या हर्नियाशी तुलना केली तर ही अडचण चटकन लक्षात येते. तिथे भोक बुजवायचे असते. वर जाळी लावली, काम झाले. इथे भोक पूर्ण बुजवता येत नाही, कारण त्यातून अन्ननलिका जायची आहे. जास्त आवळले तर घास अडकतो, सैल ठेवले तर जठर पुन्हा वर. शिवाय टाके बसतात ते स्नायूत. जाड कातडीत घातलेला टाका आणि मऊ सुती कापडात घातलेला टाका यांत जो फरक, तोच इथे. ताण आला की दोरा तुटत नाही, तो स्नायूच कापत जातो. आणि ताण तर अखंड असतो. श्वास घेताना छातीतला दाब कमी होतो, पोटातला वाढतो, आणि जठराला वर जाण्यासाठी ढकलले जाते. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसाला २१ हजार ६०० वेळा. खोकला, शिंक, शौचाला कुंथणे, भरलेली बादली उचलणे हे वेगळेच. शरीरातल्या कुठल्याही टाक्यांना इतकी अविश्रांत परीक्षा क्वचितच द्यावी लागत असेल.

यात आणखी एक गोष्ट मिसळते. वर्षानुवर्षे आम्लाने भाजलेली अन्ननलिका काही रुग्णांत आखडते, लांबीने कमी होते. अशा अन्ननलिकेला खाली ओढून टाके घातले, तर ती ताणलेल्या रबरासारखी पुन्हा वर जायला बघते, सोबत गुंडाळीही घेऊन जाते. म्हणून अनुभवी सर्जन छातीच्या बाजूने अन्ननलिका बरीच वरपर्यंत मोकळी करतात, आणि तिचा दोन-तीन सेंटीमीटर भाग न ओढता पोटात राहतो ना, हे पाहतात. नाही राहिला, तर जठराचाच वरचा भाग नळीसारखा करून लांबी वाढवण्याची एक पद्धत आहे. ती जॉन ली कॉलिस या ब्रिटिश सर्जनने १९५७ मध्ये मांडली.

या शस्त्रक्रियेचा इतिहासही टाके न टिकण्याभोवतीच फिरतो. १९५१ मध्ये इंग्लंडमधले सर्जन फिलिप ॲलिसन यांनी हर्निया आणि आम्लाचा उलटा प्रवाह यांचा संबंध ठामपणे मांडला. जठर खाली आणून फट दुरुस्त केली की रोग गेला, हे त्यांचे सूत्र जगभर गाजले. ॲलिसन प्रामाणिक माणूस. त्यांनी वीस वर्षांनी आपल्याच रुग्णांचा मागोवा घेतला आणि १९७३ मध्ये निष्कर्ष छापले. जवळपास निम्म्या रुग्णांत हर्निया किंवा आम्लाचा त्रास परत आला होता. आपल्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचे अपयश स्वतःच आकड्यांत मांडणारे सर्जन वैद्यकाच्या इतिहासात फार नाहीत.

तोवर दुसरी वाट सापडली होती. रुडॉल्फ निसेन हे जर्मन ज्यू सर्जन. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी देश सोडला आणि ते इस्तंबूलला गेले. तिथे १९३६ मध्ये एका तरुणाच्या अन्ननलिकेचा खालचा भाग काढून उरलेले टोक जठराला जोडताना, जोड सुरक्षित राहावा म्हणून त्यांनी जठराच्या घड्या त्याभोवती गुंडाळल्या. पुढे अनेक वर्षांनी त्या रुग्णाला आम्लाचा त्रास अजिबात नसल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यावरून १९५५ मध्ये बाझेलला त्यांनी मुद्दाम अशी गुंडाळी केली आणि १९५६ मध्ये ती प्रसिद्ध केली. (निसेन यांना गुंडाळण्याचा हात होताच. १९४८ मध्ये अमेरिकेत असताना त्यांनी अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या पोटातली फुगलेली महाधमनी सेलोफेनने गुंडाळली होती. त्यानंतर आइनस्टाइन सहा वर्षांहून अधिक काळ जगले.) गुंडाळीमुळे आम्ल थांबवण्यासाठी केवळ टाक्यांवर विसंबण्याची गरज उरली नाही. मात्र गुंडाळी जागेवर राहण्यासाठी टाके लागतातच, हे पुढे पुन्हा एकदा शिकावे लागले.

ते शिकवले दुर्बिणीने. १९९१ मध्ये बेल्जियममधले बर्नार्ड डालमान्य यांनी दुर्बिणीतून निसेन शस्त्रक्रिया केल्याचे प्रसिद्ध केले. पोटावर लांब चीर नाही, दोन-तीन दिवसांत घरी. शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने वाढली. आणि मग एक जुनी गुंतागुंत नव्याने, जास्त प्रमाणात दिसू लागली. शस्त्रक्रियेनंतर जठर अन्ननलिकेच्या बाजूने छातीत घुसत होते. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या सर्जनांनी १९९५ मध्ये आपला अनुभव मांडला. दुर्बिणीतून निसेन शस्त्रक्रिया केलेल्या त्यांच्या रुग्णांपैकी सुमारे सात टक्क्यांत असा हर्निया झाला होता. सुरुवातीच्या काळात, हर्निया मोठा नसेल तर फटीला टाके घालण्याची गरज काही सर्जनना वाटत नसे. ॲडलेडच्या गटाने प्रत्येक रुग्णात टाके घालायला सुरुवात केल्यावर प्रमाण बरेच खाली आले.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हे का वाढले, याची कारणे विचार करण्यासारखी आहेत. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर आतले अवयव एकमेकांना चिकटतात. एरवी ही चिकटण शाप, पण इथे ती जठराला जागेवर धरून ठेवायची. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ती फार कमी होते. दुसरे, वेदना कमी असल्याने रुग्णाला आपल्या पोटात मोठी शस्त्रक्रिया झाली आहे याचा विसर पडतो. चार छोटी भोके पाहून घरचेही म्हणतात, आता काय, झाले बरे. आठवड्यात गॅसचा सिलिंडर सरकवला जातो, पंधरा दिवसांत व्यायामशाळा सुरू होते. बाहेरची जखम भरली म्हणजे आतले टाके पक्के झाले, असे नसते. जड उचलणे चार ते सहा आठवडे टाळा, असे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेले असते. सगळ्यात कमी वाचली जाणारी ओळ बहुधा तीच असावी.

पहिल्या काही दिवसांतला सर्वांत मोठा धोका मात्र वजनाचा नाही, उलटीचा आहे. भूल उतरताना मळमळणे ही नेहमीची गोष्ट. पण निसेन गुंडाळीनंतर वरचा मार्ग घट्ट झालेला असतो, त्यामुळे उलटी बाहेर पडत नाही. नुसते कोरडे उमासे येतात. प्रत्येक उमाशाला पोटातला दाब उसळतो आणि ताज्या टाक्यांवर आदळतो. एखादा टाका सुटला तर गुंडाळीसकट जठर छातीत जाऊ शकते. म्हणूनच या शस्त्रक्रियेत मळमळ सुरू होण्याची वाट न बघता उलटी थांबवणारे औषध आधीच दिले जाते. जोराचे उमासे येऊन गेले असतील, तर रुग्ण वरकरणी ठीक वाटला तरी छातीचे चित्र काढून खात्री करून घेण्याची अनेक ठिकाणी पद्धत आहे. सरकलेले जठर पहिल्या आठवड्यात सापडले तर पुन्हा दुर्बिणीने खाली आणणे तुलनेने सोपे असते, कारण अजून काही चिकटलेले नसते. दोन-तीन आठवडे गेले की तेच काम अवघड होते.

घरी गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत खरी गोची इथे होते. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात अचानक जोराची कळ येते, उमासे येतात, पाणीही खाली उतरत नाही, धाप लागते. जवळच्या दवाखान्यात ही लक्षणे सांगितली की आधी हृदयाचा विचार होतो, आणि तो व्हायलाच हवा. ईसीजी ठीक निघाला की मग ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवले जाण्याचा धोका असतो. जठर छातीत पिळले गेले असेल तर त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. मग प्रश्न दिवसांचा राहत नाही, तासांचा होतो. पोटाच्या वरच्या भागात तीव्र वेदना, उलटी न होता येणारे उमासे आणि नाकातून घातलेली नळी जठरापर्यंत न पोहोचणे, ही पिळल्या गेलेल्या जठराची तीन लक्षणे मॉरिट्झ बोर्खार्ट या जर्मन सर्जनने १९०४ मध्येच सांगून ठेवली आहेत. आज सीटी स्कॅनवर निदान लवकर होते. पण स्कॅन कोणाला सुचायला तर हवा. त्यासाठी ‘अमुक दिवसांपूर्वी अन्ननलिकेजवळ शस्त्रक्रिया झाली आहे’ हे पहिले वाक्य असायला हवे, आणि डिस्चार्जचा कागद हातात. ही वेळ फार थोड्यांवर येते. ज्यांच्यावर येते त्यांच्यासाठी मात्र एवढी माहिती निर्णायक ठरू शकते.

आता सावकाश, महिन्या-वर्षांनी परतणारा हर्निया. तो टाळण्यासाठी जाळीची कल्पना पुढे आली. जांघेच्या हर्नियात जाळीने क्रांती केली, मग इथे का नको? सुरुवातीचे आकडे आशादायक होते. अमेरिकेत मोठा हर्निया असलेल्या १०८ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना नुसते टाके, निम्म्यांना त्यावर डुकराच्या आतड्यापासून बनवलेली, शरीरात विरघळणारी जाळी. सहा महिन्यांनी टाक्यांच्या गटात २४ टक्के, तर जाळीच्या गटात फक्त ९ टक्के रुग्णांत हर्निया परतला होता. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि जाळीची मागणी वाढली. त्याच रुग्णांची सुमारे पाच वर्षांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हा आकडे होते ५९ टक्के आणि ५४ टक्के. म्हणजे जाळीने हर्निया टाळला नव्हता, पुढे ढकलला होता.

ॲडलेडच्या गटाने मग तिहेरी तुलना केली. १२६ रुग्ण, काहींना नुसते टाके, काहींना विरघळणारी जाळी, काहींना कायम राहणारी. पाच वर्षांनी परतलेल्या हर्नियाचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ३९, ५७ आणि ४३ टक्के निघाले. जाळीचा फायदा दिसला नाही. २०२४ मध्ये स्वीडनमधून आणखी लांब पल्ल्याचा, तब्बल तेरा वर्षांच्या पाठपुराव्याचा अभ्यास आला. तिथेही हर्निया परतण्यात जाळीमुळे फरक पडला नव्हता. उलट, जाळी बसवलेल्या रुग्णांना घट्ट अन्न गिळताना जास्त त्रास होत होता. त्यात श्वासपटल सतत हलते आणि जाळी त्याच्यासोबत अन्ननलिकेवर घासते. ती भिंत भेदून अन्ननलिकेच्या आत शिरल्याच्या, आणि ती काढताना अन्ननलिकेचा भाग कापावा लागल्याच्याही नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. असे क्वचित होते, पण झाले की निस्तरणे फार जड जाते. अमेरिकी समितीने शिफारस का टाळली, याचा उलगडा या आकड्यांतून होतो.

निम्म्या रुग्णांत हर्निया परततो हे वाचून कोणीही दचकेल. इथेच आकडे नीट वाचायला हवेत. एक तर या चाचण्या मोठ्या हर्नियाच्या रुग्णांवर झाल्या. आम्लाच्या त्रासासाठी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या बहुतेकांचा हर्निया लहान असतो. दुसरे, अमेरिकी चाचणीत बेरियम पाजून काढलेल्या चित्रात जठर दोन सेंटीमीटरहून जास्त वर दिसले की ‘परतला’ अशी नोंद केली होती. यातल्या बहुसंख्य रुग्णांना मोठी तक्रार नव्हती. दोन्ही गटांतल्या रुग्णांची लक्षणे शस्त्रक्रियेआधीच्या तुलनेत पाच वर्षांनंतरही खूप कमी होती, आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागली ती अगदी मोजक्यांना. संपूर्ण जठर छातीत असणे आणि सुपारीएवढा भाग वर डोकावणे, यांना रिपोर्टमध्ये नाव एकच मिळते. रुग्णाचा गोंधळ या नावापासून सुरू होतो.

लक्षणांच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. स्वीडनमध्ये दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ रुग्णांचा मागोवा राष्ट्रीय नोंदींतून घेतला गेला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी पाच वर्षांत १७.७ टक्के रुग्णांना आम्लाचा त्रास परत सुरू झाला. त्यांपैकी बहुतेकांना, सुमारे ८४ टक्क्यांना, पुन्हा दीर्घकाळ गोळ्या घ्याव्या लागल्या. बाकीच्यांची दुसरी शस्त्रक्रिया झाली. एकूण रुग्णांच्या हिशेबात दुसरी शस्त्रक्रिया तीन टक्क्यांच्या आसपास येते. वाढते वय, स्त्री असणे आणि सोबतचे इतर आजार यांमुळे त्रास परतण्याची शक्यता जास्त होती.

म्हणजे शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांचे त्या काळात बरे चालले होते. हा आकडा वाईट नाही. पण ‘ॲसिडिटीपासून कायमची सुटका’ या जाहिरातीतल्या वाक्याशी तो जुळत नाही. दुर्बीण, रोबो, लेझर असे शब्द मोठ्या अक्षरांत छापले जातात. शंभरातल्या सतरा-अठरा जणांना पाच वर्षांत पुन्हा त्रास सुरू होऊ शकतो, हे कुठेच छापलेले नसते. गोळ्यांच्या बाजूनेही तुलना झालेली आहे. युरोपातल्या ५५४ रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनी गोळ्यांच्या गटातले ९२ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटातले ८५ टक्के रुग्ण त्रासातून मोकळे होते. ज्यांना गोळ्यांनी उत्तम गुण येतो, त्यांनी गोळ्यांचा कंटाळा आला एवढ्याच कारणाने शस्त्रक्रियेकडे वळण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आणि ज्यांना गोळ्यांनी गुण येत नाही? त्यांच्यासाठी २०१९ चा एक अमेरिकी अभ्यास डोळे उघडणारा आहे. गोळ्या घेऊनही जळजळ थांबत नाही म्हणून पाठवलेल्या ३६६ माजी सैनिकांची कसून तपासणी झाली. ४२ जणांची जळजळ केवळ गोळी योग्य वेळी, जेवणाआधी, नियमाने घेतल्यावर थांबली. ९९ जणांत आम्लाचा संबंधच नव्हता. त्यांच्या अन्ननलिकेच्या संवेदनाच तीव्र झाल्या होत्या. २३ जणांना अन्ननलिकेचे वेगळेच आजार निघाले. अशा चाळण्या लागत शेवटी ७८ जण उरले. त्यांच्यात मात्र शस्त्रक्रिया औषधांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली; शस्त्रक्रियेने ६७ टक्क्यांना गुण आला, तर औषधांच्या वाढीव उपचारांनी २८ टक्क्यांना. नेमक्या रुग्णाला शस्त्रक्रिया खूप काही देते. चुकीच्या रुग्णाला ती एक आजार न घालवता दुसऱ्याची शक्यता देऊन जाते.

आपल्याकडे हा भाग कच्चा राहतो. पॅन्टोप्राझोलची पट्टी औषधाच्या दुकानात मागितली की मिळते, आणि वर्षानुवर्षे चहासोबत घेतली जाते. ती लागू पडत नाही म्हणून एंडोस्कोपी होते, तिच्यात लहानसा हर्निया दिसतो, आणि ‘हर्निया आहे म्हणजे ऑपरेशन’ असे समीकरण मनात बसते. शस्त्रक्रियेआधी खरे तर आणखी दोन तपासण्या हव्यात. २४ तास नाकातून बारीक नळी ठेवून आम्ल किती वेळा वर येते हे मोजणारी एक, आणि अन्ननलिकेच्या आकुंचनाचा जोर मोजणारी दुसरी, मॅनोमेट्री. दुसरी विशेष महत्त्वाची, कारण अन्ननलिका मुळातच दुबळी असेल तर पूर्ण गुंडाळीनंतर घास खाली ढकलणे तिला जमत नाही. या सोयी मोठ्या शहरांपुरत्या असल्याने तालुक्याच्या रुग्णाला त्यासाठी पुण्या-मुंबईची किंवा नागपूरची एक खेप करावी लागते. शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे ही खेप स्वस्तच पडते.

हर्निया परतला असेल आणि त्रासही परतला असेल, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. पण पहिलीचा पाढा तसाच पुन्हा म्हणता येत नाही. आतले अवयव आता यकृताला, एकमेकांना चिकटलेले असतात. जठर किंवा अन्ननलिका फाटण्याचा, शेजारच्या नसांना इजा होण्याचा धोका वाढतो आणि यशाचे प्रमाण पहिल्या खेपेपेक्षा कमी असते. म्हणून ही शस्त्रक्रिया नेहमी अशीच कामे करणाऱ्या सर्जनकडे व्हावी. वजन बरेच जास्त असलेल्या रुग्णांत गुंडाळीचा नाद सोडून, वजन कमी करण्यासाठी करतात ती गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया काही वेळा निवडली जाते. तीत जठराचा छोटा कप्पा करून तो आतड्याला जोडतात, त्यामुळे आम्ल वर यायला फारसे उरतच नाही. सेजेसच्या २०२४ च्या सूचनांत या पर्यायाचा उल्लेख आहे. पण पुरावा अपुरा असल्याने निवडक रुग्णांपुरता, आणि तोही तज्ज्ञांचे मत म्हणून.

त्रास नसेल तर? वर्षाकाठी एकदा डॉक्टरांची भेट, पोटाचा घेर आटोक्यात, जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठता यांवर उपचार. एवढ्यावर भागते. तक्रार नसताना निव्वळ चित्र सुधारण्यासाठी पुन्हा पोटात शिरण्याचे कारण सहसा नसते. मात्र काही लक्षणे दिसली तर थांबू नये. घास अडकू लागणे, रक्ताल्पता, थोड्या जेवणानेही छाती भरून येणे, उमासे येणे, यांपैकी काही सुरू झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता बेरियम किंवा सीटी करून घ्यावे.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी सर्जनला विचारावे असे बरेच आहे. माझ्या हर्नियाचा आकार किती? आम्ल मोजले आहे का? जाळी बसवणार असाल तर कोणती, आणि का? तुम्ही स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्यात, आणि त्यांपैकी किती जणांना पुन्हा यावे लागले? शेवटच्या प्रश्नाला काही सर्जन रागावतील. काही जण वही काढून आकडा सांगतील.